दोन देशांची एक खिडकी

नोव्हेंबर आला की माझे बाबा जिवंत आहेत हे सिद्ध करायला बँकेत जात. नागपूरची थंडी, डोक्याला मफलर, खिशात पेन्शनचं पुस्तक. काउंटरवरचा माणूस त्यांना वरपासून खालपर्यंत बघायचा, सही घ्यायचा आणि हयातीच्या दाखल्यावर शिक्का मारायचा. मग आई मला फोनवर सांगायची, "यंदाही तुझे बाबा जिवंत निघाले गं बाई!" मागून बाबा ओरडायचे, "काहून, तुला शंका होती का?" मी अमेरिकेतल्या हर्नडनमधल्या माझ्या छोट्याशा अपार्टमेंटमध्ये पोट धरून हसायचे. हे दोन हजार सहापर्यंत चाललं. त्यानंतर मला या विनोदाचं हसू आलेलं नाही.

त्या वर्षी माझ्या कंपनीनं मला एका विचित्र कामावर धाडलं. मी सॉफ्टवेअरवाली, व्हिसा कंपनीच्या हातात, तेव्हा जिथं पाठवतील तिथं मुकाट जायचं. अपार्टमेंटपासून पंधरा मिनिटं ड्राइव्ह केलं की काचेच्या ऑफिस-बिल्डिंगांची एक रांग होती. त्यातल्या एकीत चौथ्या मजल्यावर युरोपातल्या एका देशाची कचेरी होती. एका म्हणजे, दोन देशांची. त्यांची नावं मी सांगत नाही. एक तर मी गुप्ततेच्या कागदावर सही केलीय, आणि दुसरं म्हणजे दोन्ही देश इतके सभ्य आहेत की त्यांना वाईट वाटेल. आपण थोरला आणि धाकटा म्हणू.

थोरला आणि धाकटा एकमेकांचे शेजारी. मध्ये एक नदी, नदीवर जुना दगडी पूल. शेकडो वर्षांत दोघांत एक भांडण नाही. धाकट्याला इथलं वेगळं ऑफिस झेपेना, तेव्हा त्यानं आपल्या नागरिकांचं सगळं काम थोरल्याच्या खिडकीवर सोपवलं. पासपोर्ट, लग्नाची नोंद, मृत्यूची नोंद, हयातीचा दाखला, सगळं त्याच खिडकीवर. वर दोन झेंडे आणि खाली एक काउंटर. इथं राहणाऱ्या आपापल्या लोकांच्या दोन्ही देशांनी ठेवलेल्या याद्या एकत्र करणं हे माझं काम.

खिडकीत एकच बाई बसायची. पन्नाशीची, केसांचा घट्ट अंबाडा, चष्म्याला साखळी. मी मनातल्या मनात तिला बाईसाहेब म्हणायचे. तिच्याकडे दोन शिक्के होते आणि दोन खुर्च्या. खिडकीजवळच्या खुर्चीत बसली की ती थोरला देश. कपाटाजवळच्या खुर्चीत बसली की धाकटा. पहिल्या दिवशी मला वाटलं, चेष्टा आहे. पण माझ्यासमोर तिनं थोरल्यातर्फे धाकट्याला पत्र लिहिलं: "थोरल्या देशाची कचेरी धाकट्या देशाच्या कचेरीला सादर अभिवादन करते, आणि पुढील गोष्ट कळवण्याचा बहुमान घेते..." पत्रावर शिक्का मारला, पाकिटात घातलं, चिकटवलं. उठली. कपाटाजवळच्या खुर्चीत जाऊन बसली, चष्मा पुसला, पाकीट फोडलं आणि पहिल्यांदाच बघतेय अशा चेहऱ्यानं ते वाचलं.

मी फसकन हसले. तिनं मान वर केली नाही. त्या वेळी मी तिला थोरल्या देशाच्या प्रिंटरबद्दल काहीतरी विचारलं, तर म्हणाली, "या खुर्चीत मला त्या खुर्चीतलं काही ऐकू येत नाही." अगदी शांतपणे. बाप्पा! दुपारी जेवताना हीच बाई माझ्याकडून लिंबाचं लोणचं मागून घ्यायची आणि मुलीच्या लग्नाचे फोटो दाखवायची.

वेटिंग रूममध्ये एक मोठा फोटो टांगलेला होता. पुलाच्या मधोमध दोन जाडी माणसं उभी, दोघांच्या डोक्यावर न मावणाऱ्या टोप्या. मी विचारलं तेव्हा बाईसाहेबांनी सांगितलं की वर्षातून एक दिवस दोन्ही काठांवरचे लोक पुलाच्या मध्यावर येतात, एकमेकांची टोपी घालतात, पेलाभर काहीतरी पितात, गप्पा मारतात. मैत्रीची खूण. "पण परत निघताना टोप्या बदलून घ्यायच्या असतात," ती म्हणाली. "बदलायला विसरलं तर माणूस दुसऱ्याच्या घरी जातो, असं आमची आजी म्हणायची. गंमत म्हणून हं." तिच्या तोंडावर गमतीचं काही दिसलं नाही.

आता माझी चूक सांगते. एवढी वर्षं झाली तरी सांगताना कान गरम होतात.

दोन याद्या जुळवायच्या तर एकच माणूस दोन्हीकडे आहे का हे आधी ओळखायला हवं. बऱ्याच लोकांकडे दोन्ही देशांचं नागरिकत्व होतं. प्रत्येक देश नाव आपल्या भाषेत फिरवून लिहायचा, त्यामुळे नावावर भरवसा ठेवता येईना. मी शहाणीनं काय केलं? नाव-आडनाव सोडून दिलं. जन्मतारीख, जन्मगाव, आईवडील आणि इथला पत्ता एवढं जुळलं की माणूस एकच, असा नियम लिहिला. आमच्या नात्यातले अर्धे म्हातारे एक जूनला जन्मलेले. माझे बाबासुद्धा. शाळेत घालताना मास्तरांनी जे लिहिलं ते लिहिलं. जन्मतारीख जुळली म्हणून माणूस जुळत नाही, हे जगात कुणाला नाही तर मला कळायला नको होतं? पण मला वाटलं, हे युरोपातले लोक, यांच्या तारखा खऱ्या असणार. तारखा खऱ्याच होत्या. माझ्या डोक्यात जुळं हा शब्दच आला नाही.

सप्टेंबरातल्या एका गुरुवारी सकाळी एक म्हातारी आली. लहानखुरी, ताठ, अंगात निळा कोट, हातात कापडी पिशवी. काचेचं आपोआप उघडणारं दार तिच्यासाठी उघडलं नाही. ती बाहेर शांत उभी राहिली. मी आतून उठले, दार माझ्यासाठी लगेच सरकलं. ती आत आली, पिशवी शेजारच्या खुर्चीवर जपून ठेवली आणि पिशवीला पाठ टेकता येईल अशी नीट बसवली.

तिचं म्हणणं साधं होतं. ती त्र्याऐंशी वर्षांची. तिची जुळी बहीण मार्चमध्ये गेली. दोघी नदीकाठच्या एकाच गावात, धाकट्या देशात जन्मल्या. ही उजव्या हाताची, बहीण डावखुरी, एवढाच आईला फरक कळायचा. बहिणीचं लग्न पुलापलीकडे झालं, म्हणून ती थोरल्या देशाची झाली. ही धाकट्याचीच राहिली. पुढं दोघी नवऱ्यांमागं अमेरिकेत आल्या, दोघी विधवा झाल्या आणि शेवटची वीस वर्षं एका घरात राहिल्या. डावखुरीची एकच इच्छा होती: गावाला परत जायचं, आणि पूल चालत ओलांडायचा. मेल्यावर तरी. पिशवीत तिच्या अस्थी होत्या. त्या देशात न्यायच्या तर कचेरीचा परवाना लागतो. डॉक्टरनं आता विमानात बसायची परवानगी दिली होती, तेव्हा उजवी परवाना मागायला आली होती. "हिवाळ्याआधी गेलं पाहिजे," ती इंग्रजीत मोजूनमापून बोलली. "पुढचा हिवाळा माझा नाही, मुली."

बाईसाहेबांनी स्क्रीन बघितला. खूप वेळ बघितला. मग मान वर करून म्हणाली, "क्षमा करा. परवान्याचा अर्ज हयात नातेवाइकानं करायचा असतो. आपण दिवंगत आहात."

मी माझ्या खुर्चीतून उडालेच. स्क्रीनपाशी गेले आणि नोंद वाचली. एकच तारीख, एकच गाव, तेच आईवडील, तोच पत्ता. माझ्या प्रोग्रामनं मे महिन्यात दोघींची एक बाई केली होती आणि त्या एकीपुढं मार्चमधला मृत्यू लावला होता. उजवीला मी मारलं होतं, टेबलाशी बसून, कॉफी पिता पिता.

"पण ती समोर उभी आहे!" मी म्हणाले. "दिसतेय ना तुम्हाला?"

"मला दिसतं," बाईसाहेब म्हणाली. "कचेरीला नोंद दिसते."

नोंद बदलायची तर दोन्ही देशांनी मान्य करायला हवं. यात काय एवढं, असं मला वाटलं. घ्या! थोरल्यानं लिहिलं: ही बाई आपल्या देशाची, तेव्हा ती हयात आहे असं आपण सांगितलंत तर दुरुस्ती करण्याचा आम्हाला बहुमान वाटेल. बाईसाहेब उठली, दुसऱ्या खुर्चीत बसली, वाचलं आणि धाकट्यातर्फे लिहिलं: आमची यादी आम्ही विश्वासानं आपल्या हाती दिली, आपली नोंद तीच आमची नोंद, मित्राच्या शब्दावर शंका घेणं आम्हाला शोभत नाही. प्रती दोन्ही राजधान्यांना गेल्या. राजधान्या याहून सभ्य. थोरल्यानं तर धाकट्याला त्याची नागरिक वारल्याबद्दल शोकपत्र पाठवलं, आणि धाकट्यानं त्याबद्दल मनापासून आभार मानले. दोन देशांत जरा भांडण असतं ना, तर ती बाई एका दिवसात जिवंत झाली असती.

उजवी दर गुरुवारी येऊ लागली. दार तिच्यासाठी कधीच उघडलं नाही. ती ठेंगणी होती, सेन्सर वर लावलेला असेल. मी माझ्याच उंचीचा हिशेब करून मनाची समजूत घालायचे. एकदा गुडघ्यांवर बसून दाराकडे सरकून बघितलं, कुणी नाही बघून. दार उघडलं. मी कपडे झटकत जागेवर आले आणि दिवसभर काम सुचलं नाही.

ती कूलरमधून दोन पेले पाणी घ्यायची. एक आपल्यासमोर, एक पिशवीसमोर. मी म्हटलं, म्हातारपणाची सवय आहे, वीस वर्षं दोघींचं ओतलंय. तिसऱ्या गुरुवारी मी तिच्या समोरच बसले होते. ती आपल्या पेल्यातलं घोटघोट प्यायली, दुसऱ्या पेल्याला तिनं हात लावला नाही. मी शपथेवर सांगते, हात लावला नाही. ती गेल्यावर मी पेले उचलले तर दोन्ही रिकामे. मी टेबलाखाली बघितलं, कार्पेट दाबून बघितलं. कोरडं होतं.

"सुरुवात झालीये," चौथ्या गुरुवारी ती मला म्हणाली. घाबरलेली नव्हती, पावसाचा अंदाज सांगावा तसं म्हणाली. "फोन वाजत नाही. पोस्टमन माझी पत्रं परत पाठवतो. दुकानातली मुलगी माझ्या मागच्या माणसाला 'नेक्स्ट' म्हणते. कागदावर लिहिलं की हळूहळू होतंच, नाही का?"

"काही होत नाहीये," मी म्हटलं. "तुम्ही बसल्यात ना माझ्याशी बोलत."

"तू मला बघतेस," ती म्हणाली, "कारण तुला काहीतरी माहीत आहे."

मला माहीत होतं. चूक माझ्या नियमात होती हे मला पहिल्याच गुरुवारी कळलं होतं. "प्रोग्राम चुकला, दोघी वेगळ्या आहेत" एवढं लेखी दिलं असतं तर कुणाच्या शब्दावर शंका घ्यायचा प्रश्नच नव्हता. चूक दोन देशांपैकी कुणाचीच नाही, एका भाड्याच्या इंजिनियरची आहे, म्हटल्यावर दोन्ही देश सुटले असते. पण मग माझं कॉन्ट्रॅक्ट जाणार, कंपनी मला घरी बसवणार, व्हिसा जाणार आणि मी बॅग भरून नागपूरला. मी भित्री आहे. तोंडानं फटकळ आणि आतून भित्री. पाच आठवडे मी बाईसाहेबांवर खेकसत राहिले, दोन्ही देशांना मनात शिव्या घालत राहिले आणि स्वतःबद्दल चकार शब्द काढला नाही. एक जिवंत बाई माझ्यासमोर दर गुरुवारी थोडी थोडी पुसली जात होती आणि मी माझा व्हिसा धरून बसले होते. याची मला अजून लाज वाटते.

त्याच दिवसांत आईचा फोन आला. बाबा पुढच्या महिन्यात दाखल्याला जाणार, गुडघा दुखतोय म्हणून रिक्षानं जाणार, वगैरे. मी एकदम म्हटलं, "आई, यंदा तू सोबत जा."

"काहून गं?"

"ते लोक त्यांना नीट बघतात की नाही ते बघ. सहीवर भागवू देऊ नको. चेहऱ्याकडे बघायला लाव."

आई हळूच म्हणाली, "तुझी तब्येत बरी आहे ना?" मी फोन ठेवला आणि रडले, मोठ्यानं, नळ सोडून.

सहाव्या गुरुवारी म्हातारी आली तेव्हा निळ्या कोटाऐवजी करडा कोट होता. बहिणीचा. थोडा सैल. दाराबाहेर ती उभी होती आणि काचेत तिच्यामागची पार्किंगमधली झाडं मला जरा जास्तच स्पष्ट दिसली. काचेचा खेळ असणार. पण तेवढ्यानं माझा धीर सुटला. मी दार उघडायला उठले ती आधी बाईसाहेबांकडे गेले आणि म्हटलं, "लिहून घ्या. चूक माझी आहे. नियम मी लिहिला. नाव बघितलं नाही. दोघी दोन बाया आहेत."

बाईसाहेब ओरडेल असं वाटलं होतं. तिनं फक्त कोरा कागद पुढं केला. मला त्यांच्या थाटात लिहायला लावलं, सादर अभिवादन आणि बहुमान सकट. मी, चुकीची मालकीण, दोन्ही देशांना अभिवादन करून कळवते की. तिनं ते खिडकीजवळच्या खुर्चीत वाचलं, उठली, कपाटाजवळच्या खुर्चीत पुन्हा वाचलं. दोन्ही शिक्के मारले.

"नोंदी वेगळ्या करा," ती म्हणाली. "एक मृत, एक हयात. अर्जदाराला शेजारी बसवून."

मी दार उघडलं, म्हातारी आत येऊन माझ्या शेजारी बसली. पिशवी मांडीवर. स्क्रीनवर आता दोन ओळी होत्या, दोन पहिली नावं, पुढं तारीख, गाव, आईवडील, पत्ता, सगळं सारखं. कर्सर मृत्यूच्या रकान्यात लुकलुकत होता. मी उजवीच्या नावाकडे बोट करून म्हटलं, "ही तुम्ही. हयात. बरोबर?"

तिनं मान हलवली. बारीक, वाळलेलं बोट दुसऱ्या ओळीवर ठेवलं. "ही हयात."

"ती तुमची बहीण आहे."

"हो," ती म्हणाली. "तिला पूल चालत ओलांडायचा होता. अस्थी होऊन पिशवीतून नव्हे, चालत. मी तिला नेलं तर मी चालेन आणि ती पिशवीत असेल. पण तू हे असं लिहिलंस, तर ती चालेल. आणि मी पिशवीत." ती माझ्याकडे वळली. डोळे कोरडे, लख्ख. "लहानपणी आम्ही त्या दिवशी पुलावर टोप्या बदलायचो. आई फसायची. एकदा मी रात्रभर तिच्या बिछान्यात झोपले, कुणाला कळलं नाही. मुली, मला सहा आठवडे मेलेलं असायची सवय झालीये. काही वाईट नाही. तिला सवय होत नाहीये."

मी बाईसाहेबांकडे बघितलं. हे सगळं तिच्यापासून चार हातांवर चाललं होतं. ती कपाटाजवळच्या, धाकट्या देशाच्या खुर्चीत होती आणि डावखुरी होती थोरल्या देशाची. तिनं चष्मा काढला, साखळीवर सोडला. "या खुर्चीत," ती संथपणे म्हणाली, "मला त्या देशाच्या नागरिकाबद्दल काही ऐकू येत नाही."

मी हे केलं. का केलं, ते मला नीट सांगता येणार नाही. घाबरून केलं, लाजेनं केलं आणि तिच्यावर माया जडली होती म्हणूनही केलं. उजवीच्या नावापुढं मृत. डावखुरीच्या नावापुढं हयात. एंटर.

अर्जासोबत दिलेले दोघींचे पासपोर्ट सहा आठवडे ड्रॉवरमध्ये पडून होते, कोण मेलंय ते ठरल्याशिवाय कोपरा कापून रद्द करायचे नाहीत म्हणून. बाईसाहेबांनी उजवीचा पासपोर्ट उचलला आणि कात्रीनं कोपरा कापला. कट्. म्हातारीनं त्या आवाजाला डोळे मिटले आणि लगेच उघडले. डावखुरीचा पासपोर्ट आणि परवाना तिच्या हातात दिला. पोच म्हणून सही हवी होती. तिनं उजव्या हातात पेन घेतलं, थांबली, डाव्यात घेतलं. फाइलमधल्या डावखुरीच्या सह्या मी महिनोन्महिने बघत होते: अक्षरं मागं रेलणारी, शेवटचं अक्षर खाली ओढलेलं. हिची सही तशीच आली. फक्त कापरी, हळू.

जाताना ती दारापाशी पोचली. मी उठायच्या आत दार सरकून उघडलं.

माझ्या चुकीचं काय झालं, तर काहीच नाही. तक्रार करायचा मान थोरल्यानं धाकट्याला देऊ केला, धाकट्यानं नम्रपणे तो थोरल्याला परत केला आणि ती तक्रार अजूनही कुठंतरी मध्येच अडकलेली असेल. माझं कॉन्ट्रॅक्ट पुढं चालू राहिलं.

फेब्रुवारीत एक पोस्टकार्ड आलं. चित्रात दगडी पूल, कठड्यावर बर्फ. मागं इंग्रजीत पाचच वाक्यं.

"पूल चालत ओलांडला. घाई केली नाही. बहिणीला आईशेजारी ठेवलं, दगडावर तिचं नाव कोरलं. मधोमध आम्ही थांबलो होतो. टोप्या परत बदलल्या नाहीत."

खाली डावखुरीची सही. मी ड्रॉवरमधून पोच काढली आणि दोन्ही सह्या शेजारी ठेवल्या. पोचेवरची सही थरथरत होती. कार्डावरचं एकेक अक्षर मागं रेललेलं, घट्ट, एका दमात लिहिलेलं, फाइलमधल्या जुन्या सह्यांसारखं. त्र्याऐंशी वर्षांच्या उजव्या हाताच्या बाईला चार महिन्यांत असं अक्षर येतं का, मला माहीत नाही.

मी कार्ड बाईसाहेबांना दिलं. तिनं ते खिडकीजवळ वाचलं. उठली, कपाटाजवळच्या खुर्चीत बसली आणि पुन्हा पहिल्यापासून वाचलं. या वेळी तिला वेळ लागला. दगडावर कोरलेलं ते नाव उजवीचं, याच खुर्चीतल्या देशाच्या बाईचं होतं. मग तिनं कार्ड माझ्याकडे परत सरकवलं. "पत्ता बदललाय. नोंद करून घ्या," ती म्हणाली.

मी डावखुरीची नोंद उघडली. नवा पत्ता भरला. शेवटी नेहमीचा रकाना आला. मी पहिलं नाव तपासलं, दोनदा, बोट ठेवून. मग त्याच्यापुढं टाइप केलं: हयात.